साखरेच्या बाजारालाही पाणीपाळी हवी



गटसभेत लागणीच्या तारखा, बेणे बदल, खोडव्यातले पाचट हे नेहमीचे विषय संपले, की हल्ली मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, एका वर्षी सरकार म्हणतं साखर बाहेर पाठवा, वर पैसे देतो. दुसऱ्या वर्षी म्हणतं एक पोतं बाहेर जाता कामा नये. मग आम्ही ऊस लावायचा तरी किती?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आमच्या शेतकी खात्याच्या कपाटात नाही. ते थोडे दिल्लीत आहे, थोडे जिनिव्हात आहे आणि थोडे ब्राझीलच्या उसाच्या फडात आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने बेण्याखतापुरते बोलावे, परदेशाच्या गोष्टी त्याने कशाला कराव्यात, असे काही वडीलधाऱ्या सभासदांस वाटेल. पण ज्या उसाला आम्ही खताची मात्रा सुचवतो, त्याचा भाव कोठे आणि कसा हलतो हे सभासदांस ठाऊक नसावे, हे आम्हांस बरे वाटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. साखर विकणाऱ्या मोठ्या देशांनी आपापल्या शेतकऱ्याला कोणत्या रीतीने आधार द्यायचा, किती साखर बाहेर काढायची आणि किती उसाचे इथेनॉल करायचे, हे हंगामाआधी एकमेकांशी बोलून ठरवले पाहिजे. आज तसे होत नाही. आधी एकमेकांचा बाजार पाडतात आणि मग कज्जा करतात. एका पाटावरच्या शेतकऱ्यांनी पाळी न ठरवता ज्याने त्याने मनाला येईल तेव्हा पाट फोडावा, तसा हा प्रकार चालला आहे. त्यात शेपटाकडचे रान कोरडे राहते, आणि ते रान आपले असते.

धोरणाची चालू-बंद

थोडे मागचे आकडे पाहू. २०१८-१९ च्या हंगामात देशातून सुमारे ३८ लाख टन साखर बाहेर गेली, २०१९-२० मध्ये सुमारे ५९ लाख टन आणि २०२०-२१ मध्ये सुमारे ७० लाख टन. ही साखर बाहेर जावी म्हणून केंद्र सरकारने पदरचे पैसे घातले. २०१९-२० साठी टनामागे १०,४४८ रुपये होते, पुढच्या हंगामास ६,००० झाले आणि मे २०२१ मध्ये ४,००० वर आले. नंतर २०२१-२२ चा हंगाम आला. त्या हंगामात निर्यात अनुदान नव्हते, आणि तरीही सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली! कारण उघड होते. २०२१ साली ब्राझीलच्या उसाला आधी दुष्काळाने मारले आणि मग जुलैतल्या गोठवणाऱ्या थंडीने. जगाचा भाव चढला. अनुदानाने जे साधले नाही ते दुसऱ्याच्या पडलेल्या पिकाने साधले.

पुढे चाक उलटे फिरले. मे २०२२ मध्ये निर्यातीवर बंधन आले. २०२२-२३ ला कोटा ठरला आणि २०२३-२४ मध्ये कारखान्यांना निर्यातीची परवानगीच मिळाली नाही. त्यातच ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करू नये असा आदेश निघाला. आठवड्याभरात तो सैल करून १७ लाख टन साखरेची मर्यादा घालण्यात आली. कर्ज काढून ज्यांनी आसवनी उभी केली, त्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल ते सांगावयास नको. २०२४-२५ साठी ते बंधन उठले. निर्यातीला मात्र १० लाख टनांची परवानगी आली ती जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे निम्मा हंगाम उलटल्यावर.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. २०२३ चा ऑगस्ट अगदी कोरडा गेला, महाराष्ट्र-कर्नाटकात ऊस वाढीला लागला नाही, आणि घरच्या माणसाला साखर महाग होऊ नये ही काळजी सरकारने करायचीच असते. त्याबद्दल आमचे भांडण नाही. भांडण आहे ते वेळेचे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तोडणी सोळा-अठरा महिन्यांनी. मागे एक खोडवा धरला तर एका बेण्याचा निर्णय अडीच वर्षांचा झाला. पीक अडीच वर्षांचे आणि धोरण अडीच महिन्यांचे, हे गणित बसायचे कसे?

जिनिव्हातला कज्जा

या चालू-बंदीच्या पाठीमागे एक दावा उभा आहे. २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडे भारताविरुद्ध तक्रार नेली. तक्रारीचे मुद्दे मुख्यतः दोन. एक, साखर बाहेर पाठवण्यासाठी दिलेले अनुदान. दुसरा, आपली एफ.आर.पी.! होय, ज्या भावासाठी आपण इकडे आंदोलने करतो, तोच भाव तिकडे आरोपपत्रात होता.

१४ डिसेंबर २०२१ रोजी तेथील पॅनेलचा निकाल आला. विकसनशील देशाने एखाद्या पिकाला द्यावयाचा भावाचा आधार त्या पिकाच्या उत्पादन-मूल्याच्या १० टक्क्यांच्या आत असावा, असा नियम आहे. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारताने उसाच्या बाबतीत ती मर्यादा ओलांडली, असे पॅनेलने म्हटले. निर्यातीसाठी दिलेले अनुदानही काढून घ्यावे असे सांगितले. भारताची बाजू अशी होती, की एफ.आर.पी. सरकार देत नाही, कारखाने देतात. तिजोरीतून दमडी जात नाही, मग हे सरकारी अनुदान कसे? पॅनेलला ते पटले नाही. सरकारने कायद्याने भाव बांधून दिला की आधार झाला, पैसे कोणाच्या खिशातून का जाईनात.

भारताने अपील केले. पण तेथील अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण नवे सदस्य नेमण्यास अमेरिकेने आडकाठी घातली. त्यामुळे निकाल लागला पण लागू झाला नाही, आणि अपील दाखल झाले पण सुनावणीला कोणी बसेना. आपल्या तालुक्याच्या कोर्टातल्या तारखा परवडल्या, असे म्हणायची पाळी!

या दाव्यात मोजणीची जी रीत आहे, ती सभासदांनी नीट समजून घ्यावी. आज सरकारने जाहीर केलेला भाव एका बाजूला ठेवायचा आणि १९८६ ते १९८८ या वर्षांतला बाहेरचा भाव दुसऱ्या बाजूला. दोहोंतला फरक म्हणजे शेतकऱ्याला दिलेला आधार. तो फरक सगळ्या उत्पादनाला लावायचा. आता १९८७-८८ साली उसाची वैधानिक किमान किंमत होती क्विंटलला १८ रुपये ५० पैसे, म्हणजे टनाला १८५ रुपये. २०२५-२६ ची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये आहे. त्या वेळी मजुरी काय होती, डिझेल काय भावाने मिळे, युरियाचे पोते कितीला पडे, हे जुन्या सभासदांस आठवत असेल. मधल्या काळातली सगळी महागाई जर आपल्या नावावर अनुदान म्हणून मांडली जाणार असेल, तर हा हिशेब कोणता वाणी मान्य करील?

तलासरीचे भात, डहाणूचा चिकू

आमचे मूळ गाव तलासरी तालुक्यात आणि शेतकीची पदविका डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवरची. त्या मुलखात साखर कारखाना नाही. तरीही हा तंटा समजून घ्यायचा तर तिकडचे शेत पाहावे, कारण दोन तालुक्यांच्या टापूत आधाराचे निरनिराळे प्रकार शेजारी शेजारी दिसतात.

तलासरीकडे वारली शेतकऱ्याची एक-दोन एकरांची खाचरे असतात. पावसावरचे भात, वरकस माळावर थोडी नागली. पालघर जिल्ह्यात आदिवासी विकास महामंडळ आधारभूत किमतीने भात खरेदी करते. २०२५-२६ साठी साध्या भाताची किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली. आता खरेदी केंद्रावर चार पोती घेऊन उभ्या असलेल्या बाबाला कोणी म्हणाले, "बाबा, तुझ्या भाताचीपण जिनिव्हात मोजणी होते," तर तो हसेल. पण होते! २०१८-१९ सालात भारताचा भातावरचा आधार १० टक्क्यांच्या वर गेला, आणि २०२० साली भारताने स्वतःच तसे कळवले.

तरीदेखील भातावर उसासारखा निकाल अंगावर आला नाही. का? डिसेंबर २०१३ मध्ये इंडोनेशियातल्या बाली बेटावर परिषद भरली होती. अन्नसुरक्षेच्या साठ्यासाठी त्या वेळी चालू असलेल्या धान्यखरेदीवर, माहिती देण्याचे वगैरे नियम पाळले तर, कोणी दावा लावायचा नाही असे तेथे सर्वांनी मिळून ठरवले. याला पीस क्लॉज म्हणतात. ही सूट धान्याच्या साठ्यापुरती आहे. ऊस त्यात बसत नाही, आणि उसासाठी वेगळे असे काही कोणी बोलून ठेवलेले नाही. एकाच सरकारचे दोन बांधलेले भाव. ज्याच्याबद्दल आधी बोलणे झाले तेथे शांतता राहिली, ज्याच्याबद्दल झाले नाही तेथे कज्जा उभा राहिला. आमच्या सगळ्या लेखाचे सार या एका फरकात आहे.

आता डहाणूकडे या. घोलवड, बोर्डीच्या बाजूला चिकूच्या वाड्या आहेत. २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, नाव देशभर झाले. पण चिकूला आधारभूत किंमत नाही आणि एफ.आर.पी.सारखा कायदाही नाही. झाडावरून उतरवलेला माल थोड्या दिवसांत पिकतो, थांबून राहत नाही. बाजारात त्या दिवशी जो भाव फुटेल तो बागायतदाराचा. ऊसवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्यामागे कायद्याचा भाव आहे, ही मोठी मिळकत आहे. तो भाव टिकवायचा असेल तर तो जगाच्या नियमांत बसवून घ्यावा लागेल. नुसत्या घोषणांवर तो फार दिवस टिकेल असे आम्हांस वाटत नाही.

तलासरीकर आणखी एक गोष्ट रोज पाहतात. अच्छाडच्या नाक्यापलीकडे गुजरात सुरू होते. दोन राज्यांचे कर वेगळे, त्यामुळे वर्षानुवर्षे तिकडे डिझेल स्वस्त राहिलेले आहे. मालमोटारीवाला इकडे जेमतेम नाक्यापुरते तेल ठेवतो आणि भिलाडकडे गेल्यावर टाकी भरतो. दोन्ही सरकारे आपापल्या जागी बरोबर असतील, कर लावण्याचा त्यांना अधिकार आहे. पण ती एकत्र बसून बोलत नाहीत आणि मार खातो तो सीमेअलीकडचा पंपवाला. साखरेच्या जागतिक बाजारात हा पंपवाला म्हणजे तुम्ही-आम्ही.

जुने धडे

साखरेची ही भांडणे आजची नाहीत. गेल्या शतकाच्याही आधी युरोपातले देश बीटच्या साखरेला निर्यातीसाठी बक्षिसी देत. ती स्वस्त साखर हिंदुस्थानात येऊन येथल्या गुळा-साखरेला मारू लागली, तेव्हा १८९९ साली येथील सरकारने तिच्यावर जादा जकात बसवली. अखेर १९०२ साली ब्रुसेल्सला देश एकत्र बसले आणि बक्षिसी बंद करण्याचा करार झाला. म्हणजे बसले की मार्ग निघतो.

१९३७ साली लंडनला दुसरा करार झाला. त्यात हिंदुस्थानने ब्रह्मदेश सोडून समुद्रमार्गे कोठेही साखर पाठवू नये अशी अट होती, आणि आपल्या वतीने कबुली दिली ती इंग्रज सरकारने. टेबलावर आपला माणूस नसला की आपल्या नावावर दुसराच सही करून मोकळा होतो, हा त्यातला धडा.

१९७७ साली पुन्हा करार झाला. निर्यातीचे कोटे, साठे, भावाचा खालचा-वरचा पट्टा, सगळे लिहून ठेवले होते. पण युरोपची सामायिक बाजारपेठ त्यात आली नाही आणि आपली साखर बाहेर ढकलत राहिली. करार लंगडा पडला आणि १९८४ नंतर भाव-कोट्याची कलमे उरली नाहीत. मोठा बागायतदार पाळीत यायला तयार नसेल तर पाटकऱ्याने करावे काय?

त्याच युरोपला पुढे २००५ साली चपराक बसली. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जिनिव्हात दावा जिंकला. युरोपने २००६ पासून साखरेचा आधारभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला, बीटवाल्या शेतकऱ्याला घटीचा मोठा भाग थेट मदतीने भरून दिला, आणि सप्टेंबर २०१७ अखेर उत्पादनाचे कोटेही संपवले. पुष्कळ कारखाने बंद झाले. थायलंडची गोष्ट त्याहून वेगळी. २०१६ साली ब्राझीलने त्याच्यावर तक्रार केली, तेव्हा थायलंडने पॅनेलची वाट पाहिली नाही. बोलणी केली, २०१८ पासून देशांतर्गत साखरेची भावबंदी व कोटे उठवले आणि कज्जा पुढे सरकला नाही. युरोपने निकालानंतर बदल केला, थायलंडने निकालाआधी केला. आपण या दोहोंतून काय घ्यायचे ते उघड आहे.

"पण ब्राझीलशी आपली बरोबरी कशी?"

येथे सभासद एक आक्षेप घेतील, आणि तो वजनदार आहे. ब्राझीलमध्ये यंत्राने तोडणी होणारे अफाट मळे. आपल्याकडे दीड-दोन एकरांचा धनी, त्यात भावाभावांत वाटण्या. दोघांना एकच नियम लावणे म्हणजे बैलगाडी आणि मालमोटार एका शर्यतीत उतरवणे. शिवाय असे एकत्र बसणे म्हणजे मोठ्यांनी मिळून लहानांना गुंडाळणे नव्हे काय?

आक्षेप खरा आहे. त्यावर आमचे उत्तर असे, की एकत्र न बसल्यानेच आज एकच नियम लागू आहे. १९८६-८८ ची पट्टी बदलायची असेल, लहान धारणेच्या शेतकऱ्यासाठी निराळे माप मिळवायचे असेल, तर ते कोर्टात मिळत नसते. कोर्ट लिहिलेला नियम वाचते. नियम नवा लिहायचा तर वाटाघाटीच लागतात. भाताला बालीत सूट मिळाली ती वाटाघाटीने. आणि भांडणारे देश समझोता करू शकतात हेही आपण पाहिले आहे. जून २०२३ मध्ये भारत-अमेरिकेने व्यापार संघटनेतले आपसातले सहा दावे बोलून मिटवले, आणि हरभरा, मसूर, बदाम, सफरचंद यांवरची आपली जादा जकात त्याच समझोत्यात निघाली.

ब्राझीलशी बोलायला तर निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. ब्राझीलच्या मुख्य ऊसपट्ट्याचे गाळप साधारण एप्रिल ते नोव्हेंबर चालते. आपले ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. त्यांची धुराडी विझू लागतात तेव्हा आपली पेटतात. म्हणजे पाळी आपोआप लागलेली आहे, फक्त ती पाळायचे ठरवायचे आहे. पुन्हा, १९७५ सालापासून ब्राझील उसाच्या अल्कोहोलवर मोटारी चालवत आला आहे. साखरेला भाव नसला की ते रस इथेनॉलकडे वळवतात. आपणही २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणापर्यंत पोचलो. दोन्ही देशांच्या हातात आता तोटी आहे. ती दोघांनी एकाच वेळी साखरेकडे सोडली तर भाव कोसळतो, आणि एकाच वेळी बंद केली तर गिऱ्हाईक ओरडते.

करता येण्याजोग्या गोष्टी

आमच्या मते चार गोष्टी व्हाव्यात.

पहिली, भारत, ब्राझील आणि थायलंड यांनी दरवर्षी आपले गाळप सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून उसाचा अंदाज, इथेनॉलकडे जाणारा वाटा आणि बाहेर काढावयाची साखर यांचे आकडे एकमेकांस द्यावेत. बसायला जागा नाही असे नाही. लंडनची आंतरराष्ट्रीय साखर संघटना आहे. २०२४ साली तिचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि तिची सभा दिल्लीत भरली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जैवइंधनाची जागतिक आघाडी स्थापन झाली, तीत भारत आणि ब्राझील दोघेही आहेत. इथेनॉलच्या टेबलावर मित्र आणि साखरेच्या टेबलावर फिर्यादी, ही स्थिती फार दिवस शोभणारी नाही.

दुसरी, मोजणीची १९८६-८८ ची पट्टी बदलून घ्यावी. हे काम भात आणि ऊस मिळून करावे. तलासरीचा भातवाला आणि आपला ऊसवाला या बाबतीत एका नावेत आहेत. भाताची सूटही कायमच्या तोडग्याची वाट पाहत आहे.

तिसरी, एफ.आर.पी. हा तळ म्हणून राहू द्यावा, मात्र पुढची वाढ उत्पन्नाच्या वाटणीतून यावी. रंगराजन समितीने २०१२ साली साखर व उपपदार्थ मिळून होणाऱ्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा असे सूत्र सांगितले, आणि त्या धर्तीवर महाराष्ट्राने २०१३ साली कायदाही केला. थायलंडची वाटणीही ७० आणि ३० चीच आहे. सरकारला आणखी मदत करायची आहे ना? मग ती माती परीक्षण, बेणे संशोधन, पाणी बचत अशा कामांतून करावी. संशोधन, रोग-कीड नियंत्रण, शेतकरी प्रशिक्षण अशा खर्चाला जागतिक नियमांत मर्यादा नाही, त्यावर कोणी सहसा दावा लावत नाही. निर्यात अनुदानाचा नाद मात्र सोडावा. २०१५ च्या नैरोबी परिषदेत ते बंद करायचे ठरले आहे, आणि वाहतूक-विपणनाच्या नावाखाली विकसनशील देशांना असलेली सवलतही २०२३ अखेर संपली.

चौथी, निर्यात आणि इथेनॉल यांचे धोरण आडसाली लागणीच्या आधी, निदान पुढील दोन हंगामांसाठी जाहीर व्हावे. अवर्षण आले तर बदल करावा लागेल हे आम्ही जाणतो, पण किती साठा खाली गेला की कोणता बदल होईल हेही आधीच सांगून ठेवता येते. मापावर चालणाऱ्या पाण्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

आपल्या हातात काय?

आता कोणी म्हणेल, की हे सगळे मोठ्यांचे झाले, आमच्या हातात काय? दोन गोष्टी आहेत.

एक, उसाची नोंद. दिल्लीचे अंदाज अखेर आपल्या गटातल्या चिटबॉयच्या वहीतून निघतात. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राचा ऊस अंदाजापेक्षा फार जास्त निघाला. गाळप जूनपर्यंत लांबले, मराठवाड्यात शेतकरी उभ्या उसाकडे पाहून रडकुंडीला आले. ज्या देशाला आपला ऊस किती हेच वेळेवर कळत नाही, त्याने ब्राझीलशी कोणत्या आकड्यांवर बोलावे? तेव्हा लागणीची तारीख, जात, क्षेत्र खरे लिहा. दोन कारखान्यांकडे एकच ऊस नोंदवू नका. खोडवा ठेवणार की मोडणार ते वेळेवर कळवा.

दोन, ठराव. वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण चहापाण्याच्या खर्चावर तासभर बोलतो. यंदा यातील अर्धा तास या विषयाला द्यावा आणि वरील चार मागण्यांचा ठराव करून तो राज्य संघाकडे व राष्ट्रीय महासंघाकडे पाठवावा. सहकाराची सुरुवात याच विचाराने झाली होती, की एकट्याने बाजारात उभा राहिलेला शेतकरी लुटला जातो आणि दहा जण आधी बसून बोलले तर भाव हातात येतो. १९५० साली प्रवरेच्या काठी हे दिसून आले. जे गावकीत खरे ठरले ते देशादेशांत खोटे ठरण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

पाटावर आधी पाळी ठरते, मग पाणी सुटते. साखरेच्या बाजारात पाणी आधीच सुटलेले आहे. पाळी ठरवण्याचे काम उशिरा का होईना हाती घ्यावे, एवढीच विनंती.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी